पारदर्शक चित्राच्या मागे रंग भरतो कोण?

नागपूरच्या इतवारीतल्या एका मिठाईच्या दुकानाची वेबसाइट मी गेल्या हिवाळ्यात तयार केली. दुकानाची ओळख संत्रा बर्फीची, म्हणून लोगोत संत्र्याची एक सोललेली फोड आणि तिच्या शेजारी गडद तपकिरी अक्षरांत दुकानाचे नाव होते. चित्र पीएनजी फाइलमध्ये होते आणि फोड व अक्षरे सोडून बाकीचा सगळा भाग पारदर्शक ठेवला होता. फाइल आणि वेबसाइटची लिंक पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी मालक काकाजींचा फोन आला. "दादा, एकच चित्र तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं काऊन दिसून राहिलं? भाच्याच्या लॅपटॉपवर मागे राखाडी आहे, दुकानातल्या कॉम्प्युटरवर पांढरं, अन् माझ्या मोबाइलवर तं नावच दिसत नाही, नुसती संत्र्याची फोड अन् मागे काळं."

फाइल एकच होती, तिच्यात काही बिघाड नव्हता आणि तिघांनी पाहिलेले तिन्ही रंग खरे होते. हे कसे शक्य आहे ते काकाजींना फोनवर समजावताना मला जाणवले की पारदर्शकतेविषयी आपल्या मनात एक चुकीची कल्पना घट्ट बसलेली असते. पारदर्शक भाग म्हणजे चित्राचा पांढरा भाग, किंवा 'काहीही नसलेला' असा एखादा खास रंग, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पारदर्शक भाग हा रंगच नाही. ती चित्राने कोरी सोडलेली जागा आहे आणि ती कोणत्या रंगाने भरायची हे ठरवण्याचा अधिकार चित्राने दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकलेला आहे. म्हणून मागे पांढरे, काळे किंवा राखाडी दिसले की 'हे चित्र असे का' असे न विचारता 'ही जागा कोणी भरली' असे विचारावे लागते.

इतवारीतल्याच दुकानांच्या काचेच्या दारांवर चिकटवलेली अक्षरे डोळ्यांपुढे आणली तर हे लगेच पटते. भर दुपारी बाहेरून पाहिले तर आतले दुकान अंधारे दिसते, त्यामुळे काच काळपट भासते आणि तपकिरी अक्षरे जवळपास हरवतात. संध्याकाळी आत ट्यूबलाइट लागल्या की तीच अक्षरे पांढऱ्या उजेडावर ठळक उमटतात. अक्षरे चिकटवणाऱ्या कारागिराने दोन्ही वेळी काहीच बदललेले नसते. बदलते ती काचेच्या पलीकडची बाजू. ब्राउझरमध्ये ही पलीकडची बाजू म्हणजे वेबपान, ब्राउझरची स्वतःची खिडकी, फोनमधला डार्क मोड किंवा छपाईचा कागद यांपैकी काहीही असू शकते.

फाइलमध्ये नेमके काय लिहिलेले असते

चित्र हे बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे, जाळे असते. नेहमीच्या रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलसाठी तीन आकडे साठवतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो. पारदर्शकता सांभाळणाऱ्या फाइलमध्ये यात चौथ्या आकड्याची भर पडते आणि त्याला अल्फा म्हणतात. अल्फा २५५ असेल तर तो पिक्सेल पूर्ण भरीव असतो, ० असेल तर पूर्ण पारदर्शक असतो आणि मधला कोणताही आकडा असेल तर त्या प्रमाणात मागचे दिसते. ही कल्पना इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये काम करणाऱ्या एड कॅटमुल आणि अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी ती मांडली. पुढे १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र ठेवण्याचे पद्धतशीर गणित प्रसिद्ध केले आणि आजचे सगळे ब्राउझर त्याच गणितावर चालतात.

ते गणित शाळेतल्या मिश्रणाच्या उदाहरणाइतके सोपे आहे. समजा संत्र्याच्या कडेवरच्या एका पिक्सेलचा रंग लाल २५५, हिरवा १४०, निळा ० असा आहे आणि त्याचा अल्फा निम्मा आहे. ब्राउझर निम्मा रंग या पिक्सेलचा घेतो, निम्मा मागच्या बाजूचा घेतो आणि दोन्हींची बेरीज करतो. मागे पांढरे असेल तर उत्तर साधारण २५५, १९८, १२८ असे येते, म्हणजे फिकट नारिंगी. मागे काळे असेल तर १२८, ७०, ० असे येते, म्हणजे विटकरी तपकिरी. एकाच पिक्सेलमधून हे दोन अगदी वेगळे रंग निघाले आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण मागच्या बाजूविषयी फाइलने काही सांगितलेलेच नव्हते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साध्या पारदर्शक चित्राबाबत आजच्या ब्राउझरांमध्ये गणिताचा वाद जवळजवळ उरलेला नाही. क्रोम असो, फायरफॉक्स असो की सफारी, बेरीज तीच होते. फरक पडतो तो 'मागची बाजू कोणती धरायची' या एका प्रश्नावर, आणि त्याची उत्तरे मात्र ब्राउझरागणिक, फोनागणिक आणि प्रसंगागणिक बदलतात.

मागची बाजू कशी ठरते

चित्र वेबपानाच्या आत ठेवलेले असते तेव्हा ब्राउझर एका क्रमाने मागे मागे जात राहतो. चित्राच्या चौकटीलाच पानाच्या लेखकाने रंग दिला असेल तर कोऱ्या जागेत तो दिसतो. तो नसेल तर चित्र ज्या पट्टीत बसवले आहे तिचा रंग दिसतो, तोही नसेल तर त्या पट्टीच्या बाहेरच्या भागाचा आणि शेवटी संपूर्ण पानाचा. वेबच्या नियमांनुसार कोणत्याही घटकाची पार्श्वभूमी मुळात पारदर्शकच धरली जाते, त्यामुळे पानाच्या लेखकाने कुठेच रंग लिहिला नसेल तर हा शोध पानही ओलांडून ब्राउझरच्या स्वतःच्या पाटीपर्यंत पोहोचतो. ती पाटी आज साधारणपणे पांढरी असते, परंतु पांढरीच असली पाहिजे असे काही निसर्गाने ठरवून दिलेले नाही. १९९० च्या दशकातल्या नेटस्केप ब्राउझरमध्ये ती राखाडी असे आणि त्या काळातली रंग न दिलेली पाने तशीच राखाडी दिसत. काकाजींच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट नेहमीच्या उजळ पद्धतीने उघडली होती आणि लोगोच्या पट्टीला मी रंग दिलेला नव्हता. म्हणून तिथे पांढरे दिसले. ते पांढरे ब्राउझरच्या पाटीचे होते, लोगोचे नव्हते.

भाच्याने वेबसाइट न उघडता चित्राची फाइल थेट ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडली होती. या प्रसंगी वेबपान नसतेच, त्यामुळे ब्राउझर चित्र दाखवण्यासाठी स्वतःच एक तात्पुरते पान तयार करतो आणि त्या पानाचे रंग ब्राउझर बनवणारे ठरवतात. आताच्या क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये या पानाची भोवतालची जागा जवळपास काळी असते, चित्र मधोमध येते आणि पारदर्शक भागाखाली फिकट राखाडी रंग घातलेला असतो. भोवतालची काळी जागा आणि चित्राची चौकट वेगळी कळावी आणि काळ्या अक्षरांचा लोगोही वाचता यावा, असा या राखाडीचा उपयोग होतो. हा रंग कायमचा नाही. फायरफॉक्समध्ये थेट उघडलेली चित्रे पूर्वी साध्या पांढऱ्या पानावर दिसत असत आणि गडद भोवताल नंतर आला. याच्याही पुढचा फरक म्हणजे एसव्हीजी प्रकारचे, पिक्सेलऐवजी रेषांच्या वर्णनाने साठवलेले चित्र. ती फाइल ब्राउझरच्या लेखी स्वतःच एक दस्तऐवज असते, म्हणून ती थेट उघडली तर हे तात्पुरते पान तयार होत नाही आणि मागे साधी पांढरी पाटी येते. एकाच लोगोची पीएनजी आणि एसव्हीजी शेजारच्या दोन टॅबमध्ये उघडून पाहिली तर एकाच ब्राउझरमध्ये दोन पार्श्वभूमी दिसतात आणि पाहणाऱ्याचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे.

म्हणूनच चित्र थेट टॅबमध्ये उघडून 'मागे राखाडी आले, बॅकग्राउंड नीट निघाले नाही' असा निष्कर्ष काढू नये. सीताबर्डीच्या डीटीपी सेंटरमधून लोगो घेऊन येणारे अनेक ग्राहक याच कारणाने फाइल परत पाठवतात आणि काम करणाऱ्याला विनाकारण दोनदा मेहनत पडते.

राहिला काकाजींचा मोबाइल. त्यांच्या फोनमध्ये डार्क मोड चालू होता आणि त्यांचा ब्राउझर उजळ पानांनाही स्वतःहून गडद करणारा होता. असे ब्राउझर पानाचा पांढरा रंग काळपट करतात, मजकुराची काळी अक्षरे पांढरी करतात, पण चित्रांना बहुतेक वेळा हात लावत नाहीत, कारण फोटोचे रंग उलटे केले तर माणसांचे चेहरे भुतासारखे दिसतील. दुकानाचे नाव मी मजकूर म्हणून टाईप केलेले नव्हते, ते चित्राचा भाग होते. त्यामुळे मागची पाटी काळी झाली, अक्षरे गडद तपकिरीच राहिली आणि काळ्यावर तपकिरी बुडून गेले. फोड तेवढी नारिंगी असल्यामुळे वाचली.

डार्क मोडचे दोन प्रकार इथे वेगळे केले पाहिजेत. एकात ब्राउझर लेखकाला न विचारता पान गडद करतो. दुसऱ्यात पानाचा लेखक स्वतः जाहीर करतो की माझे पान उजळ आणि गडद अशा दोन्ही रूपांत चालते, आणि मग ब्राउझर वापरणाऱ्याच्या पसंतीप्रमाणे आपली मूळ पाटीच गडद करतो. ती गडद छटाही सगळीकडे एक नसते, क्रोमची वेगळी, फायरफॉक्सची वेगळी, सफारीची वेगळी. ज्याने केवळ 'दोन्ही चालते' असे लिहिले आणि स्वतः रंग दिला नाही, त्याच्या पारदर्शक चित्रांमागे तीन ब्राउझरांत तीन वेगवेगळे काळे येतात. याच व्यवस्थेतून आणखी एक प्रकार उद्भवतो. एका पानाच्या आत दुसरे पान बसवले, म्हणजे एखादा नकाशा किंवा फॉर्म, तर एरवी त्या आतल्या पानाची कोरी पाटी पारदर्शक राहते आणि बाहेरचा रंग तिच्यातून दिसतो. परंतु बाहेरचे पान गडद आणि आतले उजळ असे ठरले तर ब्राउझर आतल्या पानामागे मुद्दाम अपारदर्शक पाटी घालतो, कारण नाहीतर आतली काळी अक्षरे बाहेरच्या काळ्यावर वाचताच येणार नाहीत. गडद पानात अचानक दिसणारा पांढरा चौकोन अनेकदा यातून येतो आणि तो वाचकाच्या सोयीसाठीच असतो.

हे आधी याहून कठीण होते

वेबवर पारदर्शकता प्रथम आली ती जीआयएफ फाइलमधून. कॉम्प्युसर्व्ह कंपनीने हा प्रकार १९८७ मध्ये आणला आणि १९८९ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शकतेची सोय झाली. पण ती सोय अगदी तुटपुंजी होती. जीआयएफच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंगांची यादी असते आणि त्यांतला एक रंग 'हा दाखवू नका' असा नेमून देता येतो. म्हणजे पिक्सेल एकतर पूर्ण दिसेल किंवा अजिबात दिसणार नाही, मधली अवस्था नाही. देवनागरी अक्षरांना याचा फार त्रास होई. शिरोरेषा आडवी आणि सरळ असल्यामुळे ती नीट दिसे, पण 'ळ' च्या दोन गोलाई, वेलांटीचे वळण, 'क' चे पोट यांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटत. वळणदार कड गुळगुळीत दिसण्यासाठी कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असावे लागतात आणि नेमके तेच जीआयएफला जमत नव्हते.

१९९४ च्या अखेरीस जीआयएफमधल्या माहिती दाबून फाइल लहान करण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीने पेटंटचा हक्क सांगितला आणि त्यातून मोकळ्या पर्यायाची गरज निर्माण झाली. तो पर्याय म्हणजे पीएनजी. १ ऑक्टोबर १९९६ रोजी वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. पीएनजीमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र अल्फा देता येतो, त्यामुळे कडा कोणत्याही पार्श्वभूमीवर गुळगुळीत बसतात. पीएनजी फाइलमध्ये 'मागे हा रंग घातला तर बरे दिसेल' अशी सूचना लिहिण्यासाठीही एक जागा ठेवलेली आहे, पण आजचे ब्राउझर ती सूचना विचारात घेत नाहीत. मागची बाजू ठरवणे हे पानाचे काम आहे, चित्राचे नाही, ही त्यामागची भूमिका मला योग्य वाटते.

तरीही पुढची दहा वर्षे पीएनजीचा खरा फायदा बहुसंख्य लोकांना मिळाला नाही. त्याचे कारण होते विंडोजवरचे इंटरनेट एक्सप्लोरर. २००१ मध्ये आलेली त्याची सहावी आवृत्ती नागपुरातल्या सायबर कॅफेंमध्येही वर्षानुवर्षे हमखास दिसे. तिला पीएनजीचा अल्फा नीट वापरता येत नव्हता. ती फाइलमध्ये सुचवलेला रंग असल्यास तो आणि नसल्यास एक राखाडी रंग मागे भरून टाकी. मॅकवरचे इंटरनेट एक्सप्लोरर मात्र तोच अल्फा व्यवस्थित दाखवत असे, म्हणजे एकाच नावाच्या दोन ब्राउझरांत एकच लोगो दोन प्रकारे दिसे. वेबसाइट करणारे मायक्रोसॉफ्टचा एक खास फिल्टर वापरून या अडचणीतून वाट काढत. २००६ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा हा प्रश्न सुटला. पण जुने संगणक लगेच बदलत नसल्यामुळे पुढेही बरीच वर्षे लोक 'सुरक्षित असावे' म्हणून लोगोमागे पानाचाच रंग भरून चित्र पक्के करून टाकत. त्यातही एक फसवणूक होती. पीएनजीमध्ये उजळपणाची नोंद साठवता येते, आणि ती नोंद काही ब्राउझर वाचत, काही वाचत नसत. त्यामुळे पानाचा आणि चित्राचा रंग आकड्यांनी हुबेहूब एक असूनही काही ठिकाणी लोगोभोवती किंचित वेगळ्या छटेचा चौकोन दिसे आणि पाहणाऱ्याला वाटे की पारदर्शकताच बिघडली.

त्यानंतरच्या फाइल प्रकारांबद्दल थोडक्यात सांगता येईल. गूगलने २०१० मध्ये जाहीर केलेला वेबपी आणि त्याच्यानंतरचा एव्हीआयएफ या दोन्हींत पूर्ण अल्फा आहे. फायरफॉक्सने वेबपी २०१९ मध्ये आणि सफारीने २०२० मध्ये स्वीकारला, तेव्हापासून तो निर्धास्त वापरता येतो. पारदर्शक व्हिडिओच्या बाबतीत मात्र ब्राउझरांची फूट अजून कायम आहे. क्रोम आणि फायरफॉक्स वेबएम व्हिडिओतला अल्फा ओळखतात, तर सफारीसाठी अ‍ॅपलच्या पद्धतीचा वेगळा एचईव्हीसी व्हिडिओ द्यावा लागतो. म्हणून पारदर्शक व्हिडिओ लावणाऱ्याला एकाच दृश्याच्या दोन फाइली ठेवाव्या लागतात.

कडेची पांढरी रेघ

आता ज्या दोषाबद्दल सर्वाधिक तक्रारी येतात आणि ज्याचा ठपका ब्राउझरवर उगाच ठेवला जातो, त्याकडे वळू. पांढऱ्या पानावर छान दिसणारे चित्र गडद पानावर ठेवले की त्याच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ उमटते. संत्र्याची फोड पांढऱ्या ताटलीत ठेवून फोटो काढला आणि नंतर सॉफ्टवेअरने ताटली काढून टाकली, तर कडेच्या पिक्सेलमध्ये नारिंगी आणि पांढरा आधीच मिसळलेला असतो. मघाच्या उदाहरणातला रंग घेऊ. त्या पिक्सेलचा खरा रंग २५५, १४०, ० आणि अल्फा निम्मा असायला हवा होता. पण फोटोतून आलेला रंग आहे २५५, १९८, १२८, म्हणजे पांढऱ्यात मिसळून झालेला, आणि सॉफ्टवेअरने त्यालाच निम्मा अल्फा लावला. पांढऱ्या पानावर ही चूक लपून जाते. काळ्यावर ठेवल्यावर खरे उत्तर १२८, ७०, ० यायला हवे, तिथे १२८, ९९, ६४ असा दुधाळ रंग येतो. सगळ्या कडेने हे घडले की डोळ्यांना त्याची पांढुरकी किनार दिसते. ब्राउझरने बेरीज अचूक केलेली असते. त्याला दिलेला आकडाच आधी एकदा मिसळलेला होता.

यावर उपाय चित्र तयार करतानाच करावा लागतो. कडेच्या पिक्सेलमधला जुना पांढरा अंश काढून टाकण्याची सोय बहुतेक चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती वापरली पाहिजे. लोगो मुळात रेषांनी काढलेला असेल, कोरलड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, तर मागचा पांढरा चौकोन आधी काढून मग पारदर्शक पीएनजी किंवा एसव्हीजी म्हणून बाहेर काढावा. आधी जेपीजी करून मग त्यातून पांढरा रंग पुसण्याचा मार्ग घेतला तर ही किनार हमखास मागे राहते.

याच संदर्भात आणखी एक बारकावा आहे, जो मला स्वतःला उशिरा कळला. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे असतात, फक्त ते दिसत नाहीत. बॅकग्राउंड 'काढले' म्हणून आपण निर्धास्त होतो, पण अनेकदा केवळ अल्फा शून्य झालेला असतो आणि जुना रंग त्याखाली तसाच दडलेला असतो. चित्र लहान-मोठे करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेतली जाते आणि त्यात हे दडलेले रंग शिरले तर कडेवर परकी छटा येते. हे टाळण्यासाठी आजचे ब्राउझर रंगाचे आकडे आधीच अल्फाने गुणून ठेवतात. निम्म्या अल्फाचा नारिंगी २५५, १४०, ० त्यांच्या स्मृतीत १२८, ७०, ० असा बसतो आणि शून्य अल्फाचा कोणताही रंग ०, ०, ० होतो, त्यामुळे दडलेला रंग सरासरीत येऊच शकत नाही. रंगछटांच्या पट्ट्यांमध्येही हाच प्रश्न होता. पांढऱ्याकडून 'पारदर्शक' कडे जाणारी पट्टी जुन्या सफारीत मध्येच मळकट राखाडी दिसे, कारण 'पारदर्शक' या शब्दाचा अर्थ शून्य अल्फाचा काळा असा आहे आणि सफारी तो काळा गुणाकार न करता मिश्रणात घेत असे. आता तोही फरक मिटला आहे.

काळा चौकोन कुठून येतो

ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला नोकरीच्या ऑनलाइन अर्जात सही चढवायची होती. तिने सहीचा पारदर्शक पीएनजी केला, अर्जाच्या पानावर चढवला आणि पुढच्या खिडकीत तिला संपूर्ण काळा चौकोन दिसला. निळी-काळी सही त्या काळ्यात गडप झाली होती आणि मुदत संपायला काही तास उरले होते. ती घाबरून गेली.

अशा अर्जांची पाने चढवलेले चित्र ब्राउझरमध्येच आकाराने लहान करून जेपीजीमध्ये बदलू शकतात. जेपीजीमध्ये अल्फा साठवण्याची सोयच नाही, त्यामुळे बदल करताना कोरी जागा कशाने तरी भरावीच लागते. ब्राउझरमधल्या चित्रफलकावरून, ज्याला कॅनव्हास म्हणतात, जेपीजी काढताना वेबच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की चित्र आधी भरीव काळ्यावर ठेवावे. पान लिहिणाऱ्याने कॅनव्हासवर आधी पांढरा रंग ओतला असेल तर पांढरे येते, तो विसरला असेल तर काळे. इतर सॉफ्टवेअर काही वेळा भरण्याचीही तसदी घेत नाही, नुसता अल्फा काढून टाकते, आणि मग दडलेले जुने रंग उघडे पडतात. पुसलेल्या पार्श्वभूमीतली ताटली, टेबल, कधी कधी हातही परत दिसू लागतो. एखादे चित्र खाजगी कारणासाठी पुसले असेल तर ही बाब गंभीर आहे. मेसेजिंग अ‍ॅपवर लोगो 'फोटो' म्हणून पाठवल्यावर पारदर्शकता जाते ती बहुधा याच बदलामुळे, आणि फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली की ती मूळ स्वरूपात पोहोचते. त्या विद्यार्थिनीने सही साध्या पांढऱ्या कागदावर करून, फोटो काढून, जेपीजीच चढवली आणि अर्ज वेळेत गेला. सहीसारख्या गोष्टीला पारदर्शकतेची गरजच नसते.

राखाडी-पांढऱ्या चौकटींच्या नक्षीबद्दलही अनेकांची फसगत होते. चित्र-संपादनाची सॉफ्टवेअरे पारदर्शक भाग कळावा म्हणून त्याखाली ही नक्षी दाखवतात. ती फक्त एक खूण असते, फाइलमध्ये नसते. पण इंटरनेटवर 'पारदर्शक संत्रा' शोधल्यावर मिळणाऱ्या कित्येक चित्रांत ही नक्षी चक्क रंगवलेली असते. ते चित्र भरीवच असते, पारदर्शक दिसण्याचा केवळ आव आणलेला असतो. ओळखण्याची साधी रीत म्हणजे ते चित्र कोणत्याही भडक रंगाच्या पानावर ठेवून पाहणे. नक्षी तशीच राहिली तर ती रंगवलेली आहे.

आयफोनच्या होम स्क्रीनवर वेबसाइटचे चिन्ह ठेवतानाही पारदर्शक जागा काळी भरली जाते, म्हणून त्या चिन्हाला पहिल्यापासून भरीव रंग द्यावा. ब्राउझरच्या टॅबमधल्या चिमुकल्या चिन्हाच्या मागे टॅबच्या पट्टीचा रंग येतो आणि ती पट्टी उजळ असेल की गडद हे आपल्या हातात नसते, म्हणून तिथे दोन्हींवर उठून दिसेल असा रंग निवडणे बरे.

काकाजींच्या लोगोचे काम मी नव्याने केले. प्रथम तो पांढऱ्या, काळ्या आणि भडक हिरव्या अशा तीन पार्श्वभूमींवर ठेवून कडा तपासल्या, तेव्हा फोडीच्या वरच्या बाजूला पांढुरकी किनार सापडली आणि ती काढली. मग लोगोच्या पट्टीला साय-पिवळा रंग स्वतः दिला, म्हणजे उजळ पानावर ब्राउझरच्या पाटीवर काही अवलंबून राहिले नाही. पान दोन्ही रूपांत चालते असे मी जाहीर केले, त्यामुळे काकाजींच्या ब्राउझरने ते जबरदस्तीने काळे करणे थांबवले. गडद रूपासाठी पट्टीला गडद रंग दिला, साय-रंगाच्या अक्षरांची दुसरी फाइल ठेवली आणि वापरणाऱ्याची पसंती गडद असेल तर तीच घ्यावी असे पानात लिहिले. काकाजींनी मोबाइलवर पाहिले, नाव ठळक दिसले, त्यांचे समाधान झाले.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर भाच्याने डार्क मोड लावला होता आणि ब्राउझरमधून छापलेल्या बिलावरून दुकानाचे नाव गायब झाले होते. ब्राउझर छापताना शाई वाचवण्यासाठी पार्श्वभूमीचे रंग सहसा वगळतात, त्यामुळे गडद पट्टी छापली गेली नाही आणि साय-रंगाची अक्षरे पांढऱ्या कागदावर उतरली. कागद ही काचेच्या पलीकडची आणखी एक बाजू आहे, तिचा विचार मी केला नव्हता. छपाईच्या वेळी पसंती काहीही असली तरी तपकिरी अक्षरांचीच फाइल वापरावी अशी एक ओळ मी पानात वाढवली आणि काकाजींना एक बिल छापून पाहायला सांगितले. त्या बिलावर संत्र्याची फोड आणि नाव, दोन्ही होते.